कॉम्प्युटरवर एडीबी आणि फास्टबूट बसवणे: विंडोज, लिनक्स, मॅक

खटपट्या (धागाकर्ता)

जुन्या फोनमधले फोटो काढण्याच्या धाग्यावर तिघाचौघांनी 'एडीबी वापरा, दोन मिनिटांचं काम आहे' असं लिहून टाकलं. त्यानंतर मला जे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले त्यावरून दिसतंय की हे दोन मिनिटांचं काम लोकांची आख्खी संध्याकाळ खातंय. म्हणून हा वेगळा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी एक सूचना. इथं सगळं देवनागरीत लिहायचा नियम आहे, त्यामुळे कमांड्सही देवनागरीतच दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. एडीबी म्हणजे ए, डी, बी ही तीन अक्षरं. बाकीचे शब्द ओळखू येतील असे आहेत.

एडीबी, म्हणजे अँड्रॉइड डीबग ब्रिज, हे फोनशी कमांडच्या भाषेत बोलायचं साधन. फोन चालू असताना वापरायचं ते एडीबी. फोन बूटलोडरमध्ये असताना, म्हणजे अँड्रॉइड सुरू व्हायच्या आधीच्या पायरीवर, वापरायचं ते फास्टबूट. दोन्ही एकाच झिपमध्ये मिळतात. तिचं नाव एसडीके प्लॅटफॉर्म-टूल्स, आणि ती गूगलच्या डेव्हलपर डॉट अँड्रॉइड डॉट कॉम या साइटवर फुकट आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्या झिप वेगवेगळ्या आहेत, काही एमबींच्याच. दुसरीकडून कुठूनही घेऊ नका. 'एका क्लिकमध्ये एडीबी' छापाचे जे इन्स्टॉलर फिरतात त्यांतले बरेचसे जुन्या प्रती देतात. काहींच्या पोटात आणखी काय असतं ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

खरं तर यात बसवायचं असं काही नाहीच. झिप सोडवायची आणि तो फोल्डर सरळ सी ड्राइव्हवर ठेवायचा. डाउनलोड्समध्ये ठेवू नका, साफसफाईत उडतो. फोल्डरमध्ये एडीबी डॉट ईएक्सईच्या शेजारी काही डीएलएल फायली दिसतील. नुसती ईएक्सई उचलून दुसरीकडे नेली तर चालणार नाही, त्यांना सोबत न्यावं लागतं.

आता फोनकडे. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा, 'बिल्ड नंबर' शोधा आणि त्यावर सात वेळा टॅप करा. काही फोनमध्ये तो 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'च्या आत दडलेला असतो. शाओमीच्या फोनवर बिल्ड नंबरऐवजी एमआययूआय किंवा हायपरओएस व्हर्जनवर टॅप करायचं. अँड्रॉइड ४.२ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'डेव्हलपर ऑप्शन्स' असे लपवून ठेवले आहेत. ते उघडले की आत 'यूएसबी डीबगिंग' चालू करायचं.

केबल लावा. फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. तिथं लिहा:

एडीबी डिव्हायसेस

याच क्षणी फोनच्या स्क्रीनकडे बघायचं. 'अलाऊ यूएसबी डीबगिंग?' असं विचारणारी चौकट येते. तिच्यात तुमच्या कॉम्प्युटरच्या चावीचा ठसा (त्याची ओळखखूण) असतो, अक्षरं-आकड्यांच्या जोड्या आणि मधे विसर्गचिन्हं. खाली 'ऑलवेज अलाऊ फ्रॉम धिस कॉम्प्युटर' अशी टिचकी मारायची जागा. कॉम्प्युटर स्वतःचा असेल तर टिचकी मारा आणि होकार द्या. फोन लॉक असेल तर चौकट दिसतच नाही. निम्मे व्यनि याच कारणाचे होते.

मग तीच कमांड पुन्हा द्या. फोनच्या सिरीयल नंबरसमोर 'डिव्हाइस' असं आलं की काम झालं. 'अनऑथराइज्ड' आलं तर फोनवर होकार द्यायचा राहिलाय. 'ऑफलाइन' आलं तर केबल काढून लावा आणि 'एडीबी किल-सर्व्हर' देऊन पुन्हा बघा. काहीच आलं नाही, नुसतं 'लिस्ट ऑफ डिव्हायसेस अटॅच्ड' आणि खाली रिकामं, तर केबल किंवा ड्रायव्हर.

ड्रायव्हरचं असं आहे. विंडोज १० आणि ११ वर बहुतेक फोन आपले आपण ओळखले जातात. नाही ओळखला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह दिसतो. मग फोनच्या कंपनीचा यूएसबी ड्रायव्हर घ्यायचा, पिक्सेल असेल तर गूगलचा. 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' निवडून त्याला तो फोल्डर दाखवायचा. मॅक आणि लिनक्सला ड्रायव्हर लागत नाही.

---

अबोली

उत्तम धागा. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). एक शंका: मी ठिकठिकाणी वाचलं की आधी अँड्रॉइड स्टुडिओ (अँड्रॉइडचे प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर) टाकावा लागतो. तो तर भलामोठा आहे. माझ्या लॅपटॉपवर तेवढी जागाच नाही.

---

खटपट्या

गरज नाही. पूर्वी आख्खी एसडीके (प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचा साधनसंच) घ्यावी लागायची, म्हणून जुन्या लेखांत तसं असतं. २०१७ च्या जानेवारीत गूगलनं प्लॅटफॉर्म-टूल्स वेगळी द्यायला सुरुवात केली. त्याआधीची माहिती दिसली तर ती सोडून द्या.

---

वायरमन

खटपट्या, केबल या विषयाला तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत. निषेध!

दुरुस्तीच्या दुकानात बसतो म्हणून सांगतो. लोक ड्रायव्हर बदलतात, विंडोज पुन्हा टाकतात, आणि दोष असतो केबलचा. पॉवर बँक, ट्रिमर, हेडफोन यांच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. आत दोनच तारा, डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होताना दिसतो म्हणून माणसाला वाटतं केबल ठीक आहे.

ओळखायची रीत सोपी. डीबगिंग वगैरे विसरा, नुसता फोन लावा. कॉम्प्युटरनं डिंग असा आवाज केला का? फोनवर 'यूएसबी फॉर' अशी सूचना आली का, जिच्यात फाइल ट्रान्सफरचा पर्याय असतो? दोन्ही नाही, तर केबल बदला. बदललेली केबलही कुणाकडे तरी चालताना बघूनच आणा.

दुसरं, डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनलचे पोर्ट टाळा. मागे मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर सैल असणं ही रोजची गोष्ट आहे. यूएसबी हबही मधून काढा. आणि फोनच्या पोर्टात खिशातला कापूस बसलेला असतो, तो लाकडी टूथपिकनं काढा. पिन घालू नका.

---

डोंबिवली_फास्ट

सगळं केलं. 'एडीबी इज नॉट रेकग्नाइज्ड' येतंय. फोल्डरमध्येच आहे मी, फाइल समोर दिसतेय, तरी म्हणतो ओळखत नाही. आता काय करू? कॉम्प्युटरची ओळख करून देऊ?

---

खटपट्या

तुमची खिडकी निळी आहे का, किंवा ओळीच्या सुरुवातीला 'पीएस' लिहिलंय का? तर ते पॉवरशेल आहे, विंडोजची दुसऱ्या प्रकारची कमांडची खिडकी. पॉवरशेल चालू फोल्डरमधली फाइल आपणहून चालवत नाही. कमांडच्या आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्या, म्हणजे टिंब, उलटी रेघ, एडीबी, जागा, डिव्हायसेस. किंवा सरळ सीएमडी वापरा.

कायमचा उपाय म्हणजे फोल्डर 'पाथ'मध्ये, म्हणजे विंडोज कमांड जिथं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, घालणे. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' शोधा, 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' उघडा, तुमच्या नावाखालच्या 'पाथ'वर एडिट, मग न्यू, आणि फोल्डरचा पत्ता चिकटवा. आधीचं काही पुसू नका. उघड्या खिडक्या बंद करून नवीन उघडा, जुन्या खिडकीला बदल कळत नाही.

हे सगळं नको असेल तर विंडोज ११ वर 'विनगेट इन्स्टॉल गूगल डॉट प्लॅटफॉर्मटूल्स' ही एक ओळ पुरते. झिपही तोच आणतो आणि पाथही तोच बघतो.

---

डोंबिवली_फास्ट

पीएस होतं! झालं. आभार.

---

पेंग्विन_पाटील

लिनक्सवाल्यांसाठी माझ्याकडून.

उबंटू, मिंट, डेबियन: सुडो एपीटी इन्स्टॉल एडीबी फास्टबूट. फेडोरा आणि आर्चवर पॅकेजचं नाव अँड्रॉइड-टूल्स.

आपल्याकडे ड्रायव्हरची कटकट नाही, पण परवानगीची आहे. 'एडीबी डिव्हायसेस' दिल्यावर सिरीयल नंबरसमोर 'नो परमिशन्स' आलं तर समजा की लिनक्सनं ते यूएसबी उपकरण फक्त रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, हाती ठेवलंय. त्यासाठी यूडेव्हचे नियम लागतात, कोणतं उपकरण कुणी वापरायचं ते ठरवणारे. उबंटू-डेबियनवर ते अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन या पॅकेजात असतात. ते टाका, स्वतःला प्लगडेव्ह या गटात घाला, लॉगआउट करून परत या, केबल काढून लावा. आर्चवर पॅकेजचं नाव अँड्रॉइड-यूडेव्ह.

जालावर दहापैकी आठ उत्तरं 'सुडो एडीबी डिव्हायसेस करा' असं सांगतात. करू नका. चालतं खरं, पण मागे सर्व्हर रूटच्या नावानं चालू राहतो. मग साध्या वापरकर्त्यानं कमांड दिली की कधी चालते, कधी नाही, आणि कारण कळत नाही. कुणी केलंच असेल तर एकदा सुडो एडीबी किल-सर्व्हर द्या आणि नियम नीट बसवा.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी गूगलची लिनक्सची झिप घेऊ नये. ती इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी असते, पायवर चालत नाही. एपीटीवालीच घ्या.

मॅकवर होमब्रू (कमांडनं प्रोग्रॅम टाकायचं साधन) असेल तर ब्रू इन्स्टॉल, मग दोन डॅश जोडून कास्क, मग अँड्रॉइड-प्लॅटफॉर्म-टूल्स. एम वन आणि पुढच्या मॅकबुकवर व्हेंचुरापासून 'ही अ‍ॅक्सेसरी जोडू देऊ का' असं मॅकही विचारतो. म्हणजे होकार दोन ठिकाणी द्यायचा.

---

अबोली

मी अडकले. बाबांचा जुना फोन आहे, अँड्रॉइड १२. स्क्रीन दिसते, पण पडल्यापासून डावीकडचा अर्धा भाग स्पर्शाला दाद देत नाही. पासवर्ड कसाबसा फोन फिरवून टाकते. डीबगिंग चालू केलं, 'अनऑथराइज्ड' येतंय, चौकटही येते, पण तिच्यातलं होकाराचं बटण दाबलं जात नाही. फोन आडवा केला तरी चौकट नेमकी मेलेल्या भागावर येते. ओटीजी माउस (फोनच्या चार्जिंगच्या पोर्टात लागणारा) आहे माझ्याकडे. पण माउस लावायचा तर केबल काढावी लागते आणि केबल काढली की चौकट जाते!

---

वायरमन

एकच पोर्ट, दोन गरजा. ब्लूटूथ माउस असेल कुणाचा तर उसना आणा. आधी ओटीजी माउस लावून ब्लूटूथ माउस जोडून घ्या, मग पोर्ट केबलला मोकळा.

---

खटपट्या

ब्लूटूथ माउसही नको. अँड्रॉइड ११ पासून केबलशिवायही एडीबी जोडता येतं आणि ती चौकट यायचा प्रश्नच राहत नाही.

ओटीजी माउस फोनला लावा. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर हवेत. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'वायरलेस डीबगिंग' चालू करा, त्याच्या नावावर टॅप करून आत जा, 'पेअर डिव्हाइस विथ पेअरिंग कोड' निवडा. सहा आकडी कोड आणि त्याखाली आयपी पत्ता, विसर्गचिन्ह आणि पोर्टचा आकडा दिसेल. ती खिडकी उघडीच ठेवा. लॅपटॉपवर:

एडीबी पेअर, पुढे तो पत्ता आणि पोर्ट

कोड विचारेल, तो द्या. मग 'एडीबी कनेक्ट'.

---

अबोली

'एडीबी पेअर' दिल्यावर 'अननोन कमांड पेअर' म्हणतोय.

---

खटपट्या

मग तुमच्याकडे जुनी प्रत आहे. पेअर ही कमांड प्लॅटफॉर्म-टूल्स ३०.०.० पासून, २०२० सालापासून आहे. कुठून घेतलीत?

---

अबोली

हो, भावानं पूर्वी काहीतरी इन्स्टॉलर टाकलेला होता, तोच चालतोय बहुतेक. मी झिपपण घेतलीये तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

---

पेंग्विन_पाटील

एका कॉम्प्युटरवर दोन एडीबी हे सगळ्यात त्रासदायक प्रकरण. पाच हजार सदतीस (५०३७) या पोर्टवर एडीबीचा सर्व्हर मागे चालू असतो आणि तुम्ही देता ती कमांड त्याच्याशी बोलते. दोघांची आवृत्ती जुळली नाही तर 'सर्व्हर व्हर्जन ३२ डझन्ट मॅच धिस क्लायंट ४१, किलिंग' असा संदेश येतो. मग हा त्याला मारतो, तो परत उठून याला मारतो. फोन मधल्यामधे दिसेनासा होतो. मोबाइल कंपन्यांची पीसी सॉफ्टवेअर, एमुलेटर, सगळे आपापली एडीबी घेऊन येतात. कुणी कुणाला विचारत नाही.

विंडोजवर 'व्हेअर एडीबी' द्या. सीएमडीतच द्या, पॉवरशेलमध्ये नको. जितक्या प्रती पाथमध्ये आहेत तितक्या ओळी येतील. सगळ्यात वरची चालते. लिनक्स-मॅकवर 'विच डॅश ए एडीबी'. एकच ठेवा, बाकीच्या काढा.

---

अबोली

दोन ओळी आल्या. भावाचा इन्स्टॉलर काढून टाकला. पेअर झालं!! 'सक्सेसफुली पेअर्ड' आलं. पण कनेक्ट दिल्यावर नकार देतोय. तोच पत्ता, तोच पोर्ट दिलाय.

---

खटपट्या

तोच पोर्ट नाही. इथं सगळेच ठेचकाळतात. पेअरिंगच्या खिडकीतला पोर्ट फक्त जोडी जमवण्यापुरता. ती खिडकी बंद करा आणि मागच्या 'वायरलेस डीबगिंग'च्या मुख्य पानावर 'आयपी अ‍ॅड्रेस अँड पोर्ट' बघा. पत्ता तोच, पोर्टचा आकडा वेगळा. कनेक्टला तो द्या. वायरलेस डीबगिंग बंद करून चालू केलं की हा आकडा बदलतो. पेअर मात्र पुन्हा करावं लागत नाही.

---

नाना_फडतूस

ते सगळं सोडा हो, बूटलोडर अनलॉक करा, रूट करा, सगळं काढता येईल.

---

पेंग्विन_पाटील

नाना, बूटलोडर अनलॉक केला की फोन आतला सगळा डेटा पुसतो. तशी रचनाच आहे, चोरलेल्या फोनमधला माल कुणी काढू नये म्हणून. ज्या फोटोंसाठी हा खटाटोप चाललाय तेच आधी जातील. अबोली, कृपया हे करू नका.

शिवाय सॅमसंगच्या फोनवर फास्टबूट नसतंच. तिथं डाउनलोड मोड आणि ओडिन हा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम. तेव्हा 'फास्टबूट डिव्हायसेस'ला सॅमसंग दिसत नाही म्हणून ड्रायव्हर शोधत बसू नये. सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये 'ऑटो ब्लॉकर' चालू असेल तर यूएसबी डीबगिंगचं बटणच फिकं होतं, तेही ध्यानात ठेवा. सिक्युरिटी अँड प्रायव्हसीमध्ये जाऊन ते तेवढ्यापुरतं बंद करायचं.

---

अबोली

कनेक्ट झालं. 'डिव्हाइस' दिसतंय!! आता फोटो. एमटीपीनं (फाइल ट्रान्सफरच्या नेहमीच्या पद्धतीनं) पूर्वी प्रयत्न केला होता, हजारभर फोटोंनंतर विंडोजची खिडकी नुसती फिरत बसते.

---

खटपट्या

एडीबी पुल, जागा, तिरकी रेघ एसडीकार्ड तिरकी रेघ डीसीआयएम, जागा, आणि लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पत्ता. डीसीआयएम मोठ्या अक्षरांत. 'एसडीकार्ड' म्हणजे इथं फोनची आतली मेमरीच, नावावर जाऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो डीसीआयएममध्ये नसतात. अँड्रॉइड ११ पासून ते एसडीकार्डच्या आत 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप', त्यात 'व्हॉट्सअ‍ॅप', त्यात 'मीडिया' असे खोल असतात. तो फोल्डरही असाच ओढा. वायफायवरून वेळ लागेल. आणि आता होकार मिळालाच आहे तर एक करा: या जोडणीवर असतानाच केबल लावून बघा. एकदा पेअर झालेल्या कॉम्प्युटरला केबलवरही पुन्हा विचारलं जात नाही असं माझ्याकडच्या फोनवर दिसलंय. चाललं तर केबलवरून ओढा, वेळ वाचेल.

गप्पांचा मजकूर मात्र असा निघत नाही. अ‍ॅपच्या आतला खासगी डेटा एडीबीला दिसत नाही, त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचाच बॅकअप घ्यावा लागेल.

---

चिंगी

अवांतर प्रश्न, रागावू नका. आईच्या फोनमध्ये कंपनीनं कोंबलेली ढीगभर अ‍ॅप्स आहेत, जाहिराती येतात, ती काही चुकून दाबते. एडीबीनं ती उडवता येतात म्हणे?

---

खटपट्या

येतात. एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस दिलं की सगळ्यांची खरी नावं येतात. मग एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल, दोन डॅश आणि यूझर, शून्य, आणि पॅकेजचं नाव. यानं अ‍ॅप घराबाहेर जात नाही, माळ्यावर जातं: सिस्टिमच्या भागात तसंच राहतं, फक्त त्या वापरकर्त्याला दिसत नाही. त्यामुळे जागा फारशी मोकळी होत नाही आणि फॅक्टरी रीसेट केला की परत येतं. परत हवं असेल तर अनइन्स्टॉलच्या जागी इन्स्टॉल-एक्झिस्टिंग.

---

वायरमन

याला माझा सरळ विरोध. दुकानात असे फोन येतात. कुणीतरी यादी बघून पंचवीस-तीस पॅकेजेस एकदम उडवतं आणि फोन लोगोवरच फिरत राहतो. नावावरून कळत नाही कोण कशाला लागतं. आईचा फोन आहे, प्रयोगशाळा नाही.

---

खटपट्या

विरोध मान्य, पण विरोध घाऊक उडवण्याला असावा. एकेक काढा, प्रत्येक वेळी फोन रीस्टार्ट करा. आधी अनइन्स्टॉलऐवजी डिसेबल-यूझर करून आठवडाभर बघा. युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर नावाचा मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे, तो प्रत्येक पॅकेजसमोर काढणं बरं की धोक्याचं ते लिहितो. 'अनसेफ' लिहिलेल्याला हात लावू नका. डायलर, कीबोर्ड, लाँचर यांना तर नाहीच, पर्याय आधी बसवल्याशिवाय.

चिंगी, शाओमी असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी डीबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)' हा दुसरा स्विचही असतो. कॉम्प्युटरवरून परवानग्या बदलणं किंवा फोनवर टॅप करवणं अशा कामांना तो लागतो आणि त्याला शाओमीचं खातं मागतात.

---

मुठेकाठचा

मी एडीबी वापरून झालो आणि आता बँकेचं अ‍ॅप उघडेना. 'तुमचं उपकरण असुरक्षित आहे' म्हणतं आणि बंद होतं. काल दुकानात क्यूआर समोर धरून उभा राहिलो, मागे रांग. शेवटी रोख दिले.

---

पेंग्विन_पाटील

बरीच बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स डीबगिंग किंवा नुसते डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की अडून बसतात. डेव्हलपर ऑप्शन्सच्या अगदी वर एक मुख्य स्विच आहे, तो बंद करा. बऱ्याच फोनवर त्यानंतर डेव्हलपर ऑप्शन्स पुन्हा लपतात, मग हवं तेव्हा सात टॅपचा खेळ परत करायचा. कधी अ‍ॅप फोर्स स्टॉप करून उघडावं लागतं.

तसंही काम झालं की डीबगिंग बंदच हवं. दुरुस्तीला फोन दिला असेल, ऑफिसच्या मशीनला लावला असेल, तर 'रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथरायझेशन्स' दाबा. दिलेले सगळे होकार रद्द होतात.

आणि एक. जालावर 'एडीबी टीसीपीआयपी ५५५५' ही कमांड सर्रास दिलेली असते. ती जुनी वायफायची पद्धत, पेअरिंग कोडशिवायची. फोन रीस्टार्ट होईपर्यंत तो पोर्ट उघडा राहतो. घरच्या वायफायवर एकवेळ ठीक. टीव्ही बॉक्समध्ये मात्र हा पोर्ट कारखान्यातूनच उघडा आलेला सापडलाय. २०१८ च्या फेब्रुवारीत अशाच उघड्या ५५५५ पोर्टवरून पसरणारा एक किडा सापडला, तो लोकांच्या टीव्ही बॉक्सवर आणि फोनवर क्रिप्टो नाणी खणत होता. मालकांना वाटत होतं टीव्ही जुना झाला म्हणून मंद चालतोय.

---

चिंगी

एससीआरसीपीवाय नावाचं काही आहे ना, फोनची स्क्रीन कॉम्प्युटरवर दाखवणारं? आईला दुरून शिकवायला बरं पडेल.

---

खटपट्या

दुरून नाही, एकाच जाळ्यावर असेल तरच. पण साधन झकास आहे. जीनीमोशन एमुलेटर बनवणाऱ्या कंपनीचं, २०१८ पासूनचं, मुक्तस्रोत. फोनवर काही टाकावं लागत नाही, एडीबी चालत असलं की पुरे. अबोली, अर्धी मेलेली स्क्रीन असलेल्या फोनला हेच लावा, सगळं माउसनं चालेल. विंडोजच्या झिपमध्ये त्याची स्वतःची एडीबी असते, तेव्हा वरचं दोन प्रतींचं प्रकरण लक्षात ठेवा.

---

मुठेकाठचा

त्यात मराठी टाइप होतं का? मी एडीबी शेल इनपुट टेक्स्ट देऊन 'नमस्कार' पाठवायला गेलो तर लांबलचक जावाची चूक आली. नल पॉइंटर काय काय.

---

पेंग्विन_पाटील

इनपुट टेक्स्टला रोमनपलीकडचं झेपत नाही, देवनागरी दिली की तो असाच कोसळतो. एससीआरसीपीवायमध्ये कॉम्प्युटरवर मजकूर कॉपी करा आणि खिडकीत कंट्रोल-व्ही दाबा. क्लिपबोर्ड फोनवर जातो आणि मराठी नीट उमटतं. लांब निरोप असाच लिहितो मी, फोनच्या कीबोर्डवर जोडाक्षरं काढत बसण्यापेक्षा.

---

परदेशस्थ_पोपट

आयफोनला असलं काही?

---

पेंग्विन_पाटील

एडीबी नाही चालणार. पण लिबआयमोबाइलडिव्हाइस नावाचा मुक्तस्रोत संच आहे. उबंटूवर एपीटीनं लिबआयमोबाइलडिव्हाइस-यूटिल्स, मॅकवर ब्रूनं लिबआयमोबाइलडिव्हाइस. फोन लावल्यावर 'ट्रस्ट'ला होकार द्यायचा, मग आयडिव्हाइसइन्फो दिलं की फोनची कुंडली येते आणि आयडिव्हाइसबॅकअप२ पूर्ण बॅकअप घेतं. जास्त हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथं खिचडी होईल.

---

अबोली

केबलवर विचारलं नाही, सरळ 'डिव्हाइस' आलं. सगळे फोटो उतरले, व्हॉट्सअ‍ॅपचेसुद्धा! पण लॅपटॉपवर सगळ्या फायलींची तारीख आजचीच दिसतेय. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंना आत तारीख नसते ना? सात-आठ वर्षांचे फोटो एका दिवसाचे झालेत.

---

खटपट्या

पुलनंतर डॅश ए द्या: एडीबी पुल डॅश ए, मग तेच दोन पत्ते. यानं फाइलची मूळ तारीख टिकते. आधीचा फोल्डर पुसू नका, दुसऱ्या नव्या फोल्डरमध्ये पुन्हा ओढा, दोन्हींमधली फायलींची संख्या जुळली की मग जुना काढा. फोनमधलं मात्र तोवर काहीही उडवू नका.

---

अबोली

लावलं. २०१६ ची गणपतीची आरास २०१६ मध्येच दिसतेय. बाकीचं ओढणं चालू आहे, झोपायच्या आधी संपेल.